धुतलेले नंबर

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीतच द्वारकेला आलो तेव्हा बांधाबांध मीच केली. बुटांच्या खोक्यात बाबांचे नऊ दगड होते. त्यांवर पांढरे डाग दिसले. रंग सांडला असेल म्हणून मी ते थिनरने पुसले, ब्रशने घासले.

बाबा भूगर्भशास्त्रज्ञ. हे दगड त्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काम करताना जमवले होते. त्या पांढऱ्या डागांवर पुसट झालेले नंबर होते. कुठला दगड कुठून उचलला, हे बाबांच्या वहीत त्या नंबरापुढे लिहिलेलं; ती वही उघडली तेव्हा मला कळलं. काचबिंदूमुळे बाबांची नजर जवळजवळ गेली होती. पूर्ण जाण्याआधी संग्रह पहाडगंजच्या मराठी शाळेला द्यायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दगड न्यायला शाळेच्या बाई शनिवारी येणार होत्या.

नंबर मीच पुसले, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी हात पुढे केला.

"स्वच्छतेचा रोग आहे तुला. आण खोकं. आणि वही वाच."

मी वाचत गेले, बाबा एकेक दगड हातात तोलत गेले. एक जिभेला लावला. चिकटला.

"हा राखेचा. ज्वालामुखीची राख दाबून झालेला. पुढचा?"

ओबडधोबड तुकड्यांचा दगड बोटांनीच ओळखला. "लाव्हाचे फुटके तुकडे पुन्हा सांधलेले. कान्हेरीची लेणी यातच कोरलीत."

असे सात दगड ओळखले. उरले दोन काळे, सारख्याच वजनाचे. वहीप्रमाणे एक टेकडीच्या पायथ्याचा, एक माथ्याचा. मधे लाव्हाचे कितीतरी थर, म्हणजे वयातही तेवढं अंतर. बाबांनी ते पुन्हा पुन्हा चाचपले.

"अंदाजाने लिहू या ना," मी म्हटलं. "मुलांना काय कळणार?"

"त्यांना कळणार नाही म्हणून तर नाही लिहायचं." त्यांनी दोन्ही दगड बाजूला ठेवले. "वहीत लिही. दगड चार आणि सात, नंबर पुसले गेले. कुठला कुठला, सांगता येत नाही."

"कोणी पुसले, तेही लिहू?"

"वहीत दगडांचं लिहितात."

शनिवारी बाई नंबर आणि नोंदींच्या चिठ्ठ्या लावलेले सात दगड घेऊन गेल्या. वही मात्र बाबांनी ठेवून घेतली. वाचता येत नव्हती, तरी उशाशी असायची.

बाबा गेल्यावर मेट्रोने जाऊन ती शाळेत देऊन आले. देण्याआधी त्या ओळीखाली 'मी पुसले' असं लिहून सही केली. दोन काळे दगड माझ्याकडेच आहेत. न धुतलेले.