करडगीतला खडा

दसरा झाला की पहिल्या सोमवारी जळकोटच्या माणिकप्पाचं दुकान हटकून बंद असायचं. दोर, चऱ्हाटं, घागरी, बादल्या विकणारा हा माणूस एरवी घरात पाहुणे असले तरी दुकान उघडायचा. पण त्या सोमवारी कुणी दार वाजवलं तर आतून फक्त त्याच्या बायकोचा, जगदेवीचा, आवाज यायचा. "डोंगरावर गेलेत. सवत हाय माजी तिथं. उद्या या."

नवऱ्याच्या या खुळापुढं जगदेवीनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हात टेकले होते. गावामागं बालाघाटाची रांग आहे. अश्विनात पाऊस सरलेला असतो, गवत कमरेला लागतं, सीताफळांचे डोळे उघडतात. माणिकप्पा ऊन तापायच्या आत खिंडीतून चढायचा, माथ्याखालच्या झऱ्यावर अंघोळ करायचा, तिथल्याच सपाट दगडावर बसून लिंगपूजा करायचा आणि मग भाकरी नि शेंगाची चटणी खायचा. नंतर दिवसभर काय करायचा, तर काही नाही. नुसता हिंडायचा. दिवेलागणीला धोतराच्या सोग्यात सीताफळं घेऊन उतरायचा. माथ्यावर उभं राहिलं की एक पाय नांदेड जिल्ह्यात आणि एक उस्मानाबादेत पडतो, याचं त्याला भारी अप्रूप.

"चल की एकदा," तो म्हणायचा.

"दुरून डोंगर साजरे," ती म्हणायची आणि तिथं विषय संपायचा.

माणूस तसा गरीब, पण एका बाबतीत महाहट्टी. लिंगायताच्या गळ्यात, बाई असो की बुवा, लहानपणी गुरूनं बांधलेलं इष्टलिंग असतं. चांदीच्या छोट्या डबीत, म्हणजे करडगीत. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. गावात बाकीच्यांचं हे सोयीनं चालायचं. माणिकप्पाचं नाही. त्याच्या आज्यानं सांगितलं होतं की लिंग म्हणजे प्राण, ते गेलं की माणूस गेला. आज्याचा शब्द त्यानं जसाच्या तसा धरून ठेवला होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी खोल गेल्या तसा माणिकप्पाचा दोर जास्त खपायला लागला, आणि याची त्याला इतकी लाज वाटायची की दोर मोजताना तो गिऱ्हाइकाकडं बघत नसे. डोंगरावर सरकारनं खडी फोडायचं दुष्काळी काम काढलं होतं. त्याही अश्विनात सोमवारी तो निघालाच. झरा आटला असणार म्हणून पूजेपुरतं पाणी फिरकीच्या तांब्यात घेतलं.

दुपार कलायच्या आत तो परत आला. सोग्यात एक सीताफळ नव्हतं. ओट्यावर बसला आणि गळ्यातली करडगी उघडून त्यानं जगदेवीपुढं धरली. आत काही नव्हतं.

जगदेवीला आधी वाटलं, याला चोरांनी गाठलं. पण त्यानं हळूहळू सांगितलं ते असं. पूजेला बसला होता, लिंग तळहातावर होतं. पलीकडं खडी फोडणारी परगावची गुणाबाई घेरी येऊन पडली. बायका ओरडल्या, पाणी, पाणी. पाणी एकट्या माणिकप्पाजवळ. तो तांब्या घेऊन तसाच उठला, धावला, आणि तिला पाणी पाजून झाल्यावर त्यानं हात बघितला तर हात रिकामा. खाली काळ्या खडीचे ढीगच ढीग. त्यात बोराएवढं काळं लिंग.

"स्वामींकडं जाऊ," जगदेवी म्हणाली. "दुसरं बांधतील की."

"प्राण दुसरा बांधता येतो व्हय?" तो म्हणाला. "आता पानी बी न्हाई घ्यायचं मला. अन् कुनाला बोललीस तर बघ."

मंगळवार तसाच गेला. तो ओट्यावर भिंतीला टेकून बसून राहिला. जगदेवी रडली, भांडली, आज्यालाही शिव्या घालून झाल्या. नवऱ्याच्या आधी जेवायची तिला सवय नव्हती, त्यामुळं तिच्याही पोटात काही नव्हतं. बुधवारी सकाळी त्याचे ओठ फुटलेले दिसले, आणि तिला कळून चुकलं की हा खरंच मरणार आहे. दुसऱ्याच्या घशात पाणी घातलं म्हणून स्वतः तहानेनं मरणार. देवाला तरी हे पटत असेल का, असं तिला वाटलं आणि संताप संताप झाला.

तीस वर्षांत न चढलेला डोंगर ती त्या दिवशी चढली. गवत जळून गेलेलं, सीताफळीला सुपारीएवढी वाळकी फळं. गुणाबाईनं तिला ओळखलं नाही, पण नाव सांगताच हातातली हातोडी टाकली. "आक्का, परवापासून हुडकून राहिलो समद्याजणी," ती म्हणाली. तिच्या बोटांची टोकं सोलून निघाली होती. "दोन ढीग कालच गाडीत घालून सडकेवर नेले. त्यात गेलं आसंल तर न्हाई गावायचं."

दोघी ऊन उतरेपर्यंत चाचपत राहिल्या. हाताला येई ती खडीच. शेवटी जगदेवी उठली. उतरताना खिंडीत एका झाडाखाली बसली, स्वतःची करडगी उघडली, आतलं लिंग काढून पदराच्या गाठीत बांधलं, आणि तिथला एक गुळगुळीत काळा खडा, वजनाला साधारण तेवढाच, करडगीत घालून ती मिटवली.

"गावलं," घरी आल्यावर ती म्हणाली. "तुमचंच हाय. बघा."

माणिकप्पानं लिंग तळहातावर घेतलं. पन्नास वर्षं ज्या हातावर रोज लिंग बसलं, त्या हाताला कोण फसवणार? त्याची बोटं ताठ झाली. त्यानं तिच्या गळ्याकडं पाहिलं.

"करडगी उघड तुजी."

ती उघडेना, तेव्हा त्यानंच उघडली. आत खडा होता. स्वतःचं लिंग गेलं तेव्हाही तो इतका हादरला नव्हता.

"मी न्हाई परत घ्यायची. आता माजं बी तुमच्यावानीच झालं," जगदेवी म्हणाली. "पानी घ्या, न्हाईतर दोघं बी बसू हितंच."

बऱ्याच वेळानं तो उठला, अंघोळ केली, पूजा केली. मग लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. तिची पूजा झाल्यावर दोघांनी पाणी घेतलं.

पुढं दहा वर्षं त्या घरात असंच चाललं. दार लावून आधी तो, मग ती, लिंग एकच. दिवसभर लिंग त्याच्या गळ्यात, खडा तिच्या. गावाला पत्ता नाही. आणि दर अश्विनात सोमवारी दोघं मिळून डोंगरावर जायचे. हरवलेलं लिंग शोधायला, असं तो म्हणायचा. शोधायचे कुठले! सीताफळं खायचे आणि हिंडायचे. डोंगर जवळूनही साजरा असतो हे जगदेवीला कळलं, पण तिनं ते कबूल केलं नाही.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्या अश्विनात माथ्यावर उभा राहून माणिकप्पा म्हणाला, "घे, माजा एक पाय न हलता लातुरात गेला." हसता हसता त्याला दम लागला. चढताना तो तीनदा बसला होता. झऱ्यावर दोघांची पूजा झाली, तेव्हा करडग्या त्यानं आपल्याकडं घेतल्या. पाठमोरा होऊन मिटवल्या, तिच्या गळ्यातला दोरा स्वतःच्या हातानं बांधला. म्हातारपणी माया आली, असं म्हणून ती लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला उठतानाच तो गेला.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. अंगणात माणिकप्पाला भिंतीशी बसवलं होतं. गाव जमलं होतं. रेवणसिद्ध स्वामींनी मंत्र म्हणत त्याच्या गळ्यातली करडगी उघडली आणि मंत्र थांबला.

स्वामींच्या बोटांत खडा होता. डोंगरावरचा, काळा, दहा वर्षं तिच्या गळ्यात राहून आणखी गुळगुळीत झालेला.

जगदेवीचा हात गळ्याशी गेला. नखानं तिनं करडगी किलकिली केली. आत लिंग होतं. ज्याला लिंगावाचून तीन दिवस जगायचं नव्हतं, तो लिंगावाचून जायला निघाला होता, तिला न विचारता, तिला न सांगता. ओरडावं, गळ्यातलं काढून त्याच्या हातावर ठेवावं, असं तिला वाटलं. लोक पुढं सरकून बघायला लागले होते. पण दोरा त्यानं स्वतः बांधला होता, आणि ती गाठ तिला सोडवेना.

"जगदेवी?" स्वामींनी हळूच विचारलं.

"त्येंचंच हाय, स्वामी," ती म्हणाली. "ठेवा."

स्वामींनी तिच्या गळ्याकडं एकदा पाहिलं. मग खड्याला भस्म लावून तो माणिकप्पाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली.