घरात किती माणसं

मंगळवारी सकाळी अकरा वाजता शेजारच्या सुमनताईंकडे पाहणी करणारी एक मुलगी आली. वेगवेगळ्या देशांतले वृद्ध कुणासोबत राहतात, याची तुलना तिच्या पाहणीत करायची होती. मी तिथेच चहा घेत बसले होते.

"आजी, घरात किती माणसं?"

"चार. मी, मुलगा, सून, नात. ते नॉर्वेला असतात."

"एका स्वयंपाकघरात जेवणारे तेवढेच धरायचे, आजी."

"मग? दिवाळीत इथेच जेवतात. रेशनकार्डावर नावं आहेत त्यांची."

तिकडे कुणी मुलाच्या दारात असाच कागद घेऊन गेलं, तर तो तीन सांगेल. तेही खरंच असेल. दोन देशांच्या तक्त्यांत दोन कुटुंबं मांडली जातील. ती मुळात एकच आहेत, हे मांडायला रकाना नसेल.

"एक लिहिलंस तर सही करणार नाही," सुमनताई म्हणाल्या. "ज्याला कुणी नाही तो एकटा. मला माणसं आहेत."

मुलीने रकान्यात एक लिहिलं आणि समासात शेरा लिहिला: आणखी तीन, परदेशी.

सुमनताईंनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला, पेन घेतलं आणि सही केली.