सावलीत येणारं फूल

मामीला भीती वाटायची आणि ती ते कधी लपवत नसे. बाकीच्या बायका देवाचं नाव घेऊन गप्प बसत, मामी सरळ म्हणे, "मले भेव लागून रायलं बाई." विहिरीचं, विजेचं, आणि सगळ्यांत जास्त कपाशीवर मारायच्या औषधाचं. मामा फवारणी करून आला की त्याचे कपडे ती काडीनं उचलून अंगणाबाहेर टाकी. तो झोपला की नाकाशी बोट धरून श्वास बघे. आम्ही भाचरं हसायचो.

त्या वर्षांत अकोटकडे घराघरांत कसली ना कसली धास्ती होतीच. अळी हटेना, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत. तसंच मारताना वारं फिरलं आणि मामा पाठीवरच्या पंपासकट शेतात कोसळला. जीपमध्ये घालून त्याला अकोल्याला आणलं. मी तिथेच नोकरीला होते. दवाखान्याच्या पायरीवर मामी बसलेली दिसली. रडत नव्हती, पण थंडी वाजावी तसे तिचे दात वाजत होते. "श्वास चालू हाय त्याईचा," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मामा वाचला. डोळे मात्र उन्हात उघडेनात. डॉक्टर म्हणाले, सावलीत ठेवा. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दरवर्षी हौसेनं झेंडू लावणारा हा माणूस घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. मग बोलेनासा झाला. मामीला औषधापेक्षा त्या गप्प राहण्याचं जास्त भय वाटू लागलं. गप्प झालेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे त्या दिवसांत आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

घरामागे उत्तरेला कडुनिंब आणि शेजारच्या गोठ्याची भिंत यांमध्ये थोडी जागा होती. तिथं ऊन जवळजवळ पोचतच नसे. मामाची खाट तिथं टाकायची आणि समोर फुलं लावायची, असं मामीनं ठरवलं. ती एकटीच एसटीनं अकोल्याला आली, आणि मी तिला सलीमचाचांच्या रोपवाटिकेत नेलं. चाचा गुलाब दाखवू लागले.

"ते नोको. सावलीत येणारं फूल द्या," मामी म्हणाली.

चाचांनी अबोली, सोनटक्का, बेगोनिया पुढे ठेवले. मामी एकेका रोपाला हात लावून विचारी, "याले औषध मारा लागते काय?" बेगोनियापाशी चाचा घुटमळले. "बुरशी आली तर कधी थोडं मारावं लागते." मामीनं कुंडी लगेच मागे सरकवली. सोनटक्क्याला पाणी फार लागतं म्हटल्यावर तिला मोरीचं सांडपाणी आठवलं, तो घेतला. अबोलीला सकाळचा थोडा उजेड पुरतो, कीड दिसली तर हातानं वेचता येते, हे ऐकून तिनं होती नव्हती तेवढी अबोली उचलली. तिला सोडायला मीही परतीच्या गाडीत बसले. कुंड्या तिच्या मांडीवर होत्या आणि ती मला विचारत होती, "जगतीन ना वो?" ती रोपांबद्दलच विचारत होती, असं मला वाटलं नाही.

सोनटक्का नुसता पानांनीच माजला. अबोली धरली. एके सकाळी मामानं कूस बदलून विचारलं, "हे केशरी काय हाय?" मामीनं मला फोन करून ते सांगितलं आणि रडली.

पुढच्या दिवाळीत मी गावी गेले होते. दुपारी मामी चहा घेऊन मागे गेली तर खाट रिकामी. तिच्या हातातला कप पडला. ती शेताकडे धावत सुटली, मी तिच्या मागे. वाटेतल्या विहिरीत वाकून बघताना तिचा पदर मी घट्ट धरला होता.

मामा कपाशीत उभा होता. डोळे गच्च मिटलेले, हातानं चाचपत कापूस वेचत होता.

"काहून पयत आली?" त्यानं विचारलं.

मामी धुऱ्यावर बसली. मग उठली, त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर ओढून बांधला आणि म्हणाली, "तिकडलं झालं वेचून. इकडं या." तिनं त्याचा एक हात धरला. ती ओळ संपेपर्यंत दोघंही एकेका हातानंच कापूस वेचत होते.