वेळ : सकाळी नऊ ते रात्री आठ

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘आठवाले’ म्हणायचा. रात्री आठला शटर खाली, ही काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाईक बॉबिन हातात धरून दारात उभं असलं तरी ‘उद्या या’ म्हणून त्याची बोळवण व्हायची. शटर ओढण्याआधी भिंतीवरचं एकेक बटण बंद करायचं आणि वर तीन-तीनदा चाचपून पाहायचं, हेही ठरलेलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याचं दुकान एका चालू राहिलेल्या बटणापायी जळून खाक झालेलं त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं, विजेवर चालणारी वस्तू आठनंतर चालू ठेवायची नाही म्हणजे नाही. घरातला फ्रिज तेवढा बायकोच्या वशिल्यावर वाचला.

पुढे हात थरथरायला लागले. सुईच्या नेढ्यात दोरा ओवता येईना, तेव्हा दुकान कायमचं बंद झालं. पण डोक्यातली मशीनं काही बंद होईनात. चौदा वह्या भरल्या होत्या. कुठलं मशीन काय तक्रार घेऊन आलं, मालकीण काय म्हणाली आणि खरं दुखणं काय निघालं, सगळं त्यांत टिपलेलं. ‘मशीन बिघडलंय’ म्हणून येणाऱ्या दहांपैकी चार जणांनी सुई उलटी लावलेली असते, हे पहिल्या वहीचं पहिलं वाक्य. घरी बसून बसून आठवाल्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, की हे सगळं आपल्याबरोबरच जाणार आणि ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

म्हणून त्यांनी एका फुकटच्या वेबसाइटवर वह्या उतरवायला घेतल्या. एका बोटाने टाइप करत दोन वह्या झाल्या, आणि एके सकाळी ती वेबसाइटच गायब. कंपनीने गाशा गुंडाळला होता. तशा तीन सूचनाही आल्या होत्या, पण ईमेल म्हणजे जाहिराती अशी यांची पक्की समजूत. दोन दिवस ते तोच पत्ता पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले.

सून दुसऱ्या गावी कॉम्प्युटरच्या ऑफिसात होती. ती फोनवर म्हणाली, “बाबा, भाड्याच्या खोलीत राहिलात, मालकाने बाहेर काढलं. आता स्वतःचं घर बांधू या.”

घर पाहावं बांधून म्हणतात, ते काही खोटं नाही. सुट्टीत ती दोन दिवस आली. मुलाने टाकून दिलेला जुना लॅपटॉप तिने माळ्यावरून काढला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर काढली की खलास. हाच तुमचा सर्व्हर, वाचणारे थेट या टेबलावर येणार, असं तिने सांगितलं. तेव्हा सासऱ्यांनी उठून टेबल पुसून घेतलं. ती जे जे करील ते ते त्यांनी पंधराव्या वहीत उतरवलं, अगदी ‘इथे दोन मिनिटं थांबावं, चहा घ्यावा’ इथपर्यंत. डोमेनच्या, म्हणजे या घराच्या पत्त्याच्या, नावावर दीड दिवस खल झाला. शेवटी सुनेने ‘आठवाले’ सुचवलं. आपल्या चेष्टेचं नाव आपणच मिरवायचं म्हणून ते आधी कुरकुरले, पण ते मिळतंय म्हटल्यावर खूश झाले. हे नाव जगात दुसऱ्या कुणाला नको होतं, यात बायकोला तरी काही नवल वाटलं नाही.

घर झालं, आता पाटी हवी. पहिल्या पानावर त्यांनी दुकानाचीच पाटी जशीच्या तशी लिहिली. वर नाव, खाली ‘अडलं तर फोन करा’ आणि नंबर, त्याखाली ‘वेळ : सकाळी नऊ ते रात्री आठ’. ही फोनची वेळ असेल असं समजून सुनेने काही विचारलं नाही. आणि इथेच सगळं फसलं. कारण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती गावी परतली त्याच रात्री, आठच्या ठोक्याला, आठवाल्यांनी लॅपटॉपचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तीनदा चाचपलं. सकाळी नऊला चालू, रात्री आठला बंद. सून फोन करायची ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा सगळं झकास चाललेलं दिसायचं.

असं वर्ष गेलं. सहा वह्या ब्लॉगवर चढल्या. कोणत्या तासाला किती जण आले हे दाखवणारं एक पान सुनेने लावून दिलं होतं. आठवाले रोज सकाळी चष्मा पुसून ते उघडायचे. दिवसाला नऊ माणसं, कधी दहा. आठच्या पुढच्या रकान्यांत कायम शून्य. दुकान बंद झाल्यावर कोण येणार, असं त्यांचं स्पष्टीकरण. वाचकाचा फोन मात्र वर्षभरात एकही आला नाही.

डोमेनचं वर्ष संपायला आठवडा उरला, तेव्हा सुनेने विचारलं, आणखी एक वर्ष घ्यायचं ना? आठवाले नको म्हणाले. नऊ माणसांसाठी कशाला पसारा, आपली विद्या जुन्या मशीनांची, ती मशीनं गेली आणि विद्याही गेली. हे सगळं ते हसत हसत म्हणाले. पण बायकोने पाहिलं, त्यांनी वह्या सुतळीने बांधून माळ्यावर टाकायला काढल्या होत्या. तिने सुतळी तेवढी लपवून ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाई अनोळखी होती. बॅगा शिवायच्या कारखान्यात ती साठ बायकांवर मुकादम होती. काका, आधी एक विनंती करते, राग मानू नका, अशी तिने सुरुवात केली.

“आमचं काम आठला सुटतं,” ती म्हणाली. “दिवसा मशीन थांबवता येत नाही. मेकॅनिक महिन्यातून एकदा उगवतो. म्हणून बिघडलेलं मशीन आम्हीच आठनंतर खोलतो, आणि नेमकं तेव्हा तुमचं बंद झालेलं असतं. वेळ तुम्ही लिहिलेली आहे, ते दिसतं मला. पण अर्धा तास वाढवता आली तर बघा.”

मग वर्षभर तुम्ही कसं भागवलंत, एवढंच आठवाल्यांनी विचारलं.

“मी जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवून घेते. पाचवी वही चाललीय. ती साठजणींत फिरते. ‘टाका चुकतो’ त्या पानाच्या तर हाताळून पार चिंध्या झाल्यात, दोनदा नव्याने लिहिलं.”

वहीतून त्यांनी पडद्यावर चढवलेलं तिने पडद्यावरून पुन्हा वहीत उतरवलं होतं. रोजच्या नवांपैकी एक ती होती, आणि तिच्यामागे साठजणी उभ्या होत्या. आठवाल्यांचे डोळे भरले, आणि ते लपवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

“वाढवतो, ताई.”

“साडेआठपर्यंत चालेल?”

“आजपासून बंदच करत नाही.”

फोन ठेवला आणि त्यांनी लगेच सुनेला लावून गुन्हा कबूल केला. पलीकडे हसू फुटलं. वर्षभर रोज आठला तुम्ही लॅपटॉपचा गळा दाबत होतात आणि तो रोज सकाळी मुकाट उठत होता, हे काही तिला पचेना. आठवाल्यांनी तिला हसू दिलं आणि मग म्हणाले, नाव घे परत. दहा वर्षांचं मिळतं का बघ.

बोलणं सोपं होतं. पण संध्याकाळ झाली तशी इस्त्रीवाल्याची काळी भिंत डोळ्यांपुढे यायला लागली. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनवरचं कापड काढलं, लॅपटॉप त्याच्या न जळणाऱ्या, बिडाच्या पाट्यावर ठेवला, जवळच्या खिडकीचा पडदा उतरवला, वायर हाताने चाचपून पाहिली. पाटीवरची वेळेची ओळ पुसून टाकली. आठ वाजले. हात आपोआप बटणाकडे गेला. बघतात तर बटणासमोर स्टूल टाकून बायको भाजी निवडत बसलेली.

“अगं, सरक.”

“मी काही सरकत नाही. तुम्ही वाचकांकडे बघा.”

ते मुकाट लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसले. सव्वाआठ. साडेआठ. लॅपटॉप गरम झालाय का म्हणून चारदा हात लावून झाला. पावणेनऊला आठच्या पुढच्या रकान्यातलं शून्य गेलं आणि तिथे एक आकडा आला. एक.

“आलं का कुणी?” बायकोने मान वर न करता विचारलं.

“साठ,” ते म्हणाले.