अंड्यांसोबत भाकरी

पोलीस भरतीची तयारी करत होते, तेव्हा मी भाकरी सोडली होती. मैदानावर आम्हा मुलींना पळवणारे सर म्हणायचे, "प्रोटीन खा, ताकद येईल." मी तेवढंच मनावर घेतलं. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी चिकन, संध्याकाळी दुधात पावडर. भाकरी, भाजी, उसळ सगळं बंद.

"अगं, निस्त्या अंड्यावर कुणी जगतं व्हय?" आई म्हणायची.

दंड भरले, फेकलेला गोळा लांब जाऊ लागला. पोट मात्र दगडासारखं घट्ट झालं. दोन-तीन दिवस साफ व्हायचं नाही, आणि गॅसचा वास असा की लोहाऱ्याहून येताना खच्चून भरलेल्या जीपमध्ये सगळ्यांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. मी बाहेर बघत बसले. मग एका सकाळी शौचाला रक्त दिसलं. घाबरून आईला सांगितलं, तशी ती मला घेऊन तडक मुरुमला डॉक्टर मॅडमकडं गेली.

"कडक शौचामुळं चीर पडलीय, मलम देते," तपासून मॅडम म्हणाल्या. मी काय खाते ते त्यांनी विचारून घेतलं आणि समजावलं, "जे प्रोटीन वर पचत नाही, ते मोठ्या आतड्यात उतरतं. तिथल्या जंतूंना भाकरी-भाजीतला चोथा मिळाला, तर ते आधी तो आंबवतात. त्यातून आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तू चोथाच बंद केलास. मग ते प्रोटीन कुजवतात. हा घाण वास त्याचाच, आणि अस्तरालाही ते बरं नाही."

"मग अंडी बंद करू?"

"खा की! सोबत भाकरी, भाजी खा, पाणी पी. पण हळूहळू वाढव."

"म्या सांगितलं व्हतं का न्हाय?" आई म्हणाली.

हळूहळू मला कुठलं जमतंय! दुसऱ्याच दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाडगाभर मटकीची उसळ खाल्ली आणि पोट ढोलासारखं फुगलं. मग मात्र बेतानं घेतलं. अंडी ठेवली, चिकन कमी केलं, पावडर सोडली. महिन्याभरात पोट रोज साफ व्हायला लागलं, रक्तही थांबलं. पळताना अंग हलकं वाटायचं.

मैदानी चाचणीत मी शेवटच्या फेरीत तिघींना मागं टाकलं. आता धाराशिवला पोलिसात नोकरी करते. भरतीच्या मुली भेटल्या की विचारतात, "ताई, प्रोटीन किती खायचं?"

मी विचारते, "आज भाजी कुठली खाल्लीस?"