ठिगळांचं शीड

बेटावरच्या शिडाच्या होड्यांच्या धक्क्यावर एक जुनी रीत होती: शर्यत जिंकणाऱ्या होडीच्या शिडाची पट्टी कापायची आणि क्लबच्या भिंतीवर ठोकायची. चाळीस वर्षांच्या चाळीस पट्ट्या, सगळी शिडं आक्काने शिवलेली. पण भिंतीवर तिचं नाव औषधालाही नव्हतं.

यंदा साठीच्या आक्काने स्वतःच शर्यतीचा अर्ज भरला. क्लबचे अध्यक्ष हसले. "आक्का, सुई धरणं वेगळं आणि सुकाणू धरणं वेगळं!"

"बघू की," आक्का म्हणाली. चाळीस वर्षांत उरलेले रंगीबेरंगी तुकडे जोडून तिने शीड शिवलं आणि भावाच्या जुन्या होडीला चढवलं. धक्क्यावर हशा पिकला. पण कुठलं कापड कुठल्या वाऱ्यात किती ताण सोसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शेवटच्या वळणावर वारा फिरला. बाकीच्यांची शिडं नुसती फडफडत राहिली, आणि आक्का सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिली आली.

अध्यक्ष कात्री घेऊन शिडापुढे उभे राहिले. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा. "पट्टी कुठून कापू, आक्का?"

"कुठूनही कापा. चाळीस वर्षं माझीच शिवण ठोकताय, आता निदान खाली नाव तरी लिहा."