प्रत्येक ओळीच्या शेवटी

जळगावला केळी उत्पादकांच्या एका संस्थेत मी नऊ वर्षं हंगामी टायपिस्ट होते. मराठीची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास, खाडाखोड नाही. मग कार्यालयात संगणक आला आणि ठराव झाला. टायपिस्टची एक जागा कायम होणार, पण संगणकाच्या परीक्षेत पहिला येईल त्याची. आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं आवक-जावकला जाणार, हंगामीच.

शिंदखेड्याकडचा आमचा शिपाई म्हणाला, “बठ्ठं मशीनच करी, मंग तुम्हनं काय काम शे, अक्का?”

“सगळं मशीन करेल, मी तुमच्यावर लक्ष ठेवेन,” मी म्हटलं.

क्लास कापडाच्या दुकानावरच्या खोलीत होता. चपला जिन्यात काढायच्या, ओल्या फडक्यावर पाय पुसायचे, मग आत. आठ जणांत एक यंत्र, वाट्याला पंधरा मिनिटं. उरलेला वेळ लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढलेल्या कळफलकावर बोटं चालवायची. नशिराबादच्या एसटीतही मी ती पत्रिका मांडीवर घेत असे. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, “कसला जप करताय?”

टाईपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि दांडा ढकलून आपण खालच्या ओळीवर येतो. इथे दांडा नव्हता. एंटर दाबलं की खाली उतरता येतं, एवढं मी पहिल्याच दिवशी हेरलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दाबत गेले. छापलेलं पत्र अगदी नीटनेटकं यायचं. क्लासचे सर बाकीच्यांना म्हणायचे, “बाईंचा हात बघा.” त्यामुळे चूक कुणालाच दिसली नाही.

परीक्षेसाठी क्लासमध्ये आम्हा तिघांना एकेक यंत्र दिलं. टाईप करायला सभेची नोटीस होती. मी सगळ्यांच्या आधी संपवली. मग सर म्हणाले, “आता दुसऱ्या ओळीत ‘वेळेवर’च्या आधी ‘सर्व सभासदांनी’ घाला.” मी घातले. ओळीचं शेपूट तुटून खाली पडलं, एकच शब्द, एकटा. तो वर ओढला तर पुढची ओळ बिघडली. ती सावरली तर तिच्या खालची. शेजारच्या दोघांचा हात माझ्या निम्म्यानंही चालत नव्हता. पण त्यांनी एंटर दाबलंच नव्हतं. त्यांच्या ओळी आपोआप सरकल्या आणि ते हात बांधून बसले. वेळ संपली तेव्हा मी सहाव्या ओळीवर होते.

पुन्हा परीक्षा घ्यावी म्हणून मी अर्ज दिला. हेडक्लार्क नानांनी तो उभ्याउभ्याच वाचला. “अक्का, जागा एक होती. भरली.”

तरी मी क्लासला गेले. सरांनी दाखवलं, नुसतं लिहीत राहा, ओळ यंत्र मोडतं. मला कळलं. कळायला अवघड काहीच नव्हतं. मी लिहायला बसले आणि ओळ संपत आली की करंगळी आपली एंटरवर. पंधरा मिनिटांत एकही ओळ तिनं सोडली नाही. मागे दुसरा माणूस खुर्चीची वाट पाहत उभा होता. मी उठले.

सोमवारी जावकच्या टेबलावर बसले. पाकिटं चिकटवायची, नोंद करायची. हंगामी माणसाला निवृत्तीची तारीख नसते, एक दिवस ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणतात. मला अजून म्हणालेले नाहीत.